स्थापत्याची चार वर्षे

(सातारा व सांगली या जिल्ह्यांतील स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवी विद्यार्थ्यांचे दोन दिवसांचे निवासी शिबिर पाचगणी येथे झाले. त्यातील एका भाषणाचा हा संपादित पाठ.)



अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे बोलण्यासाठी संयोजकांनी कलाशाखेच्या एका पदवीधराला बोलाविले, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. मलाही वाटले. परंतु पत्रकार या नात्याने आपल्या क्षेत्राशी माझा एक निराळा संबंध येत गेला. पूल वाहून गेला, इमारत खचली, घाटरस्ता तुटला की आम्ही तेथे पोहोचतो. आपले काम यशस्वी झाले तर त्याची बातमी होत नाही. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापणाऱ्याचे छायाचित्र छापून येते. त्यानंतर तो पूल ऐंशी वर्षे उभा राहतो, त्यावरून रोज हजारो माणसे निर्धास्तपणे जातात, आणि त्याविषयी कोणी दोन ओळीही लिहीत नाही. समाजाचा एवढा मूक विश्वास ज्यांच्यावर आहे, त्यांचे शिक्षण कसे व्हावे, हा प्रश्न केवळ आपल्या प्राध्यापकांचा नाही. तो त्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे. त्या नात्याने मी बोलणार आहे.

मधल्या काही वर्षांत महाराष्ट्रात स्थापत्य शाखेच्या जागा मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या. ‘संगणक मिळाले नाही म्हणून सिव्हिल घेतले’ हे वाक्य घराघरांतून ऐकू येऊ लागले. आपल्यापैकी काहींच्या घरीही ते बोलले गेले असेल. पहिला पगार संगणकाच्या क्षेत्रातील मित्रापेक्षा कमी असतो, ऊन-पावसात उभे राहावे लागते, ठेकेदाराचे देणे वेळेवर येत नाही. या तक्रारी खोट्या नाहीत. त्या नाकारून मी आपल्याला केवळ ध्येयवादाचा उपदेश करणार नाही. मात्र नाइलाजाने घेतलेली शाखा चार वर्षे नाइलाजानेच शिकली, तर पुढे काय होते, ते पाहणे आवश्यक आहे.

हे शिक्षण आपल्याकडे कोठून आले? १८४७ साली रुरकीला आणि १८५४ साली पुण्याला इंग्रजांनी अभियांत्रिकीचे वर्ग सुरू केले. रुरकीचे प्रयोजन गंगेच्या कालव्याचे होते, पुण्याचे प्रयोजन सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरविण्याचे. राज्यकर्त्याला नकाशा वाचणारा, हिशेब ठेवणारा आणि हुकूम पाळणारा हाताखालचा मनुष्य हवा होता. त्या पुण्याच्या वर्गाचे पुढे महाविद्यालय झाले आणि २०२२ साली विद्यापीठ झाले. परंतु ज्या हेतूने ते निघाले, त्या हेतूला पुरून उरणारी माणसे तेथे लवकरच निर्माण झाली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्यांतील सर्वांत तेजस्वी नाव. बंगळूरहून बी.ए. होऊन ते पुण्याला आले आणि १८८३ साली स्थापत्याच्या एल.सी.ई. परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. म्हणजे कलाशाखेचा पदवीधर अभियंता होऊ शकतो, एवढी नोंद मी माझ्या समाधानासाठी करून ठेवतो. इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत असतानाच त्यांनी खडकवासल्याला पाण्याच्या पातळीबरोबर आपोआप उघडणारे दरवाजे बसविले, ते १९०३ साली. हाताखालचा मनुष्य म्हणून घडविलेल्याने धन्याला न सुचलेली गोष्ट करून दाखविली.

त्याच महाविद्यालयातून १८९१ साली एल.सी.ई. होऊन बाहेर पडलेले दुसरे गृहस्थ म्हणजे रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे. विश्वेश्वरय्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, वझ्यांचे नाव आज अभियांत्रिकीच्या शंभर विद्यार्थ्यांपैकी पाचांनाही ठाऊक नसेल. संपूर्ण अभ्यासक्रमात एकही भारतीय ग्रंथ नाही, एकाही भारतीय स्थपतीचे नाव नाही, ही गोष्ट त्यांना खटकली. या देशात मंदिरे, घाट, तलाव, दुर्ग उभे आहेत, तर ते बांधणाऱ्यांचे काही शास्त्र असलेच पाहिजे, असा त्यांचा साधा तर्क होता. मग त्यांनी नोकरी सांभाळून आयुष्यभर हस्तलिखिते मिळविली, शिल्पग्रंथांची सूची केली, संज्ञा लावल्या आणि मराठीत ‘हिंदी शिल्पशास्त्र’ लिहिले. आपले स्थापत्यही शास्त्र होते, हे व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ असतात. ते सिद्ध करण्यासाठी तीन-चार दशके कागद धुंडाळणारा विरळा. वझ्यांना मी त्यासाठी मानतो.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरते पाहिले तर स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, १९४७ साली, सांगलीला धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने न्यू इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. आरंभी तेथे एकच पदवी होती, आणि ती स्थापत्याची होती. १९५५ पासून ते वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. १९६० साली कराडला शासकीय महाविद्यालय सुरू झाले. राजधानीपासून दूर, कृष्णाकाठच्या गावांत, नव्या राष्ट्राला प्रथम जी विद्या हवीशी वाटली ती ही होती. धरणे बांधावयाची होती, रस्ते करावयाचे होते. शेतकऱ्याचा मुलगा लेव्हल खांद्यावर घेऊन माळावर उभा राहिला, तो या पिढीत.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण ज्या प्रदेशात हे शिक्षण घेत आहात, तसा प्रदेश या विषयाच्या विद्यार्थ्याला सहसा लाभत नाही. पण आपण त्याच्याकडे पाठ करून, विदेशी पुस्तकातील उदाहरणे पाठ करून पदवी घेतो.

येथूनच सुरुवात करू. आपण ज्या टेबल लँडवर सकाळी फिरून आलात, ते आशियातील दुसऱ्या क्रमांकाचे पठार आहे, असे तेथील घोडेवाला आपल्याला सांगतो. हा क्रमांक कोणी, कधी, कशाने मोजून लावला, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही, पण आपण स्वतःला विचारावे. त्या पठाराचा माथा जांभ्या दगडाचा आहे आणि खाली काळा पाषाण आहे. जांभा खाणीत असताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि वारा लागला की कठीण होत जातो. कोकणातील सारी घरे त्याच्या या गुणावर उभी आहेत. बुकानन नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने मलबारात तो पाहिला आणि १८०७ साली त्याला विटेवरून ‘लॅटेराइट’ हे लॅटिन नाव दिले. आपला गवंडी त्याला त्याच्या आधी कित्येक शतके जांभाच म्हणत होता. हा दगड सच्छिद्र आहे. पावसाचे पाणी त्यातून झिरपते, खालच्या चिकण थरावर अडते आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येते. पठाराच्या दक्षिण कडेखाली गुहा आहेत, त्या आपण पाहिल्या असतील. आपल्या भूतंत्राच्या पुस्तकातील पाऊण प्रकरण त्या एका कड्यावर उघडे पडलेले आहे.

पावसाचे पाहा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा मीटर पाऊस पडतो. तेथून सुमारे वीस किलोमीटरवर पाचगणी, आणि पसरणीचा घाट उतरला की बारा किलोमीटरवर वाई. वाईला तो एक मीटरच्याही आत येतो. आणखी पूर्वेला याच जिल्ह्यातील माण तालुक्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. एका दिवसाच्या प्रवासात पर्जन्यमानाचा सारा आलेख डोळ्यांनी दिसतो. जलविज्ञानाचा तास चार भिंतींत घेणारा प्राध्यापक आणि त्याचा विद्यार्थी, दोघांविषयी मला अशा वेळी वाईट वाटते.

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले आहेत. यात्रेकरू तेथे तीर्थ घेतो. स्थापत्याच्या विद्यार्थ्याने तीर्थ तर घ्यावेच, पण त्यांतील तीन नद्यांच्या काठाने खाली उतरावे, अशी माझी विनंती आहे. पदवीच्या चारही वर्षांना पुरेल एवढे शिक्षण तेवढ्यात आहे.

कोयना. पाटण तालुक्यात तिच्यावर १०३ मीटर उंचीचे धरण आहे, शिवाजीसागरची साठवण १०५ टीएमसी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चारच्या सुमारास, तेथे सुमारे साडेसहा क्षमतेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. तोवर दख्खनचा हा पाषाण अढळ आहे, अशी शास्त्राची समजूत होती. धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा आडवा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या केवळ पाच शतांश धरला होता. प्रत्यक्षात धरणावरच्या यंत्राने नोंदविला तो त्याच्या दहापट आणि अधिक. धरणाच्या खालच्या अंगाचा उतार ज्या उंचीवर एकदम बदलतो, नेमक्या त्याच उंचीवर तडे गेले. धरण मात्र उभे राहिले. पुढे मागून टेकू देऊन त्याला बळकट केले गेले. १९७० साली देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा नव्याने आखावा लागला, त्यामागे कोयना होती. त्या तड्यांवर जगभरच्या विद्यापीठांत आजही गणिते मांडली जातात. टोकियोचा आणि कॅलिफोर्नियाचा विद्यार्थी ‘कोयना’ हा शब्द जाणतो. कराडहून पाऊण-एक तासाच्या अंतरावर असलेले ते धरण शिक्षणाच्या काळात एकदाही विद्यार्थी म्हणून न पाहिलेले पदवीधर मला भेटले आहेत. सहल म्हणून मात्र सर्व जण गेलेले असतात.

कोयनेचा धडा येथे संपत नाही. १९९९ साली आणि पुन्हा २०१२ साली त्या जलाशयाच्या तळाला पाण्याखाली छिद्र पाडून वीजनिर्मितीसाठी पाणी बोगद्यात घेतले, हा आपल्या अभियंत्यांचा पराक्रमच होय. आणि ज्यांची गावे त्या पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी अनेकांचे पुनर्वसन अर्धे शतक उलटले तरी पुरे झाले नव्हते. हेही त्याच धरणाचे मोजमाप आहे. एका वहीत पराक्रम आणि दुसऱ्या वहीत विस्थापित, अशी विभागणी आपल्या समाजाने करू नये. उत्तम अभियंत्याने तर मुळीच करू नये.

कृष्णा. ती आपल्या समोरच्या दरीतून धोमच्या जलाशयात जाते, वाईचे घाट धुते आणि पुढे सांगलीला आयर्विन पुलाखालून वाहते. तो पूल १९२९ सालचा. सांगलीकराला त्या पुलाचे फूट तोंडपाठ असतात. चाळीस फूट म्हणजे सावध, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेले. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, पाटण तालुक्यात डोंगर घसरून घरे गाडली गेली आणि सांगलीत पुन्हा नावा चालल्या. आपण निळी आणि लाल पूररेषा शिकता. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. हे ‘शंभर वर्षांतून एकदा’ फार फसवे आहे. सामान्य माणूस समजतो की एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षे चिंता नाही. त्याचा खरा अर्थ असा की तो पूर प्रत्येक वर्षी शंभरात एक या शक्यतेने येऊ शकतो. पन्नास वर्षे आयुष्य असलेल्या इमारतीच्या वाट्याला तो येण्याची शक्यता शंभरात जवळजवळ चाळीस पडते. हे गणित माझ्यासारख्यालाही एका तरुण अभियंत्याने पाटीवर करून दाखविले तेव्हा समजले. मग नदीच्या पात्रालगत बांधकामाला सही देणाऱ्यांना ते समजत नसेल, असे म्हणता येईल का?

आणि सावित्री. ती पश्चिमेला कोकणात उतरते. महाडजवळ तिच्यावर १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, भर पुरात तो कोसळला. अंधारात दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने पाण्यात गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो सुरक्षित असल्याचे नोंदले गेले होते. त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, तेव्हा सर्वत्र कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. माझे मन मात्र मे महिन्यातील त्या पाहणीशी अडून राहते. पाण्याखालचा पाया डोळ्यांना दिसत नाही. वाहता पूर पायाभोवतालची माती कशी खरवडतो, हे आपल्या पुस्तकात सूत्रासह दिलेले आहे. पाहणे आणि पाहिल्याची नोंद करणे यांत जे अंतर आहे, त्या अंतरात माणसे बुडतात.

हे अंतर कोठे सुरू होते? मित्रहो, मला रागावू नका. ते प्रयोगशाळेतील जर्नलमध्ये सुरू होते. काँक्रीटचा दीडशे मिलिमीटरचा ठोकळा करून सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून पाहावयाचा असतो. अठ्ठावीस दिवस कोण थांबणार? वरच्या वर्गातील मित्राची वही असते, त्यातील आकडे एक-दोन दशांशाने इकडेतिकडे करून उतरविले की काम झाले. सर्व्हेच्या शिबिरात एक गट मोजणी करतो आणि चार गट ती लिहून घेतात. ओळखीच्या ठेकेदाराकडून प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे प्रमाणपत्र घरबसल्या येते. सारे जण करतात, गुरुजनही कानाडोळा करतात. आणि पदवी मिळाल्यावर हाच तरुण शेजारच्या भूखंडाचा माती परीक्षण अहवाल नाव बदलून या भूखंडाला जोडतो, तेव्हा त्याला आपण काही नवे करीत आहोत असे वाटतच नाही. चार वर्षे त्याने याचाच अभ्यास केलेला असतो. भ्रष्टाचार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पैशांचे पाकीट येते. पाकीट पुष्कळ उशिरा येते. त्याआधी खोटे वाचन येते.

सत्य हा आपल्या परंपरेत प्रवचनाचा विषय झाला आहे. आपल्या शाखेत सत्य मिलिमीटरमध्ये आणि किलोन्यूटनमध्ये मोजता येते, हे केवढे भाग्य! माझ्या व्यवसायात ते इतके सोपे नाही.

अयोध्येचे उदाहरण देतो. श्रीराममंदिराचे स्वप्न पाचशे वर्षांचे, त्यासाठी पिढ्यांनी सर्वस्व वेचलेले. २०२० साली काम सुरू झाले तेव्हा जमिनीत स्तंभ उतरवून पाया करण्याची योजना होती. चाचणीसाठी घातलेले स्तंभ अपेक्षित भार पेलेनात. शरयूकाठची वाळूमिश्रित माती होती ती. त्या वेळी ‘रामाचे काम आहे, राम पेलील’ असे म्हणून पुढे जाता आले असते काय? तज्ज्ञांची समिती बसली, योजना बदलली, सुमारे चौदा मीटर खोल माती उपसून काढली आणि थरावर थर दाबून नवा पाया भरला. त्यावर लोखंड न वापरता दगडी मंदिर उभे राहिले आणि २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली. कोट्यवधींच्या श्रद्धेनेही आधी माती तपासून घेतली. या देशातील स्थापत्याच्या प्रत्येक वर्गात ही हकीकत शिकविली जावी, असे मला वाटते.

आपले पूर्वज याहून वेगळे सांगत नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? त्यात दुर्ग बांधण्याविषयी जे सांगितले आहे, त्याचा सारांश असा की जागा हेरताना आधी पाण्याची सोय पाहावी. पाणी नसेल आणि ते स्थळ सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. एखाद्या झऱ्यावर विसंबून स्वस्थ बसू नये. ही तीनशे वर्षांपूर्वीची मराठी भाषा आहे आणि तो शुद्ध अभियांत्रिकी विचार आहे. हिरोजी इंदुलकरांचे नाव रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर कोरलेले आहे. राजधानी बांधणारा मनुष्य आपले नाव पायरीवर घालतो, ही विनम्रता आपण वारंवार ऐकली आहे. मी त्यात आणखी एक गोष्ट वाचतो. आपण बांधलेल्या वास्तूवर ज्याने स्वतःचे नाव कोरले, त्याने तिची जबाबदारीही घेतली.

मात्र पूर्वजांच्या गौरवातही मोजमाप हवे. ‘आमच्याकडे सर्व होते’ हे वाक्य फार स्वस्त आहे. काय होते, किती होते, कोणत्या प्रमाणाचा चुना होता, कमानीची जाडी किती, हे विचारले की सभा शांत होते. वझ्यांचा मार्ग अवघड आहे, पण मार्ग तोच आहे.

आता भाषेविषयी. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह अनेक भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण देण्यास मान्यता दिली. पालकांच्या मनात लगेच शंका येते, मुलगा मागे पडेल काय? इंग्रजी त्याने उत्तम शिकावी, जर्मन आणि जपानीही शिकावी. परंतु स्थापत्य ही अशी शाखा आहे की जिच्या कामावर मराठी, हिंदी, कन्नड बोलणारी माणसेच उभी असतात. स्लॅब पडत असतो, माल घट्ट वाटतो म्हणून मिस्त्री बादलीभर पाणी ओततो. नवा अभियंता म्हणतो, ‘वॉटर-सिमेंट रेशो वाढेल.’ मिस्त्री हसतो. त्याऐवजी त्याला असे सांगा की मामा, सिमेंटला स्वतःसाठी त्याच्या वजनाच्या पाव पट पाणी पुरते, थोडे आपण काम सोपे व्हावे म्हणून घालतो, पण त्यावरचे सारे पाणी उडून जाते आणि जाताना आत पोकळ्या ठेवते, त्या पोकळ्यांतून उद्या पाऊस सळईपर्यंत जाईल. तो बादली खाली ठेवतो. त्याला कळत नव्हते असे नाही, त्याला कोणी सांगितले नव्हते.

खाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभे केले. पूल, धरणे, काँक्रीट अशा विषयांवरील नोंदी त्यात मराठीतून आहेत. छत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली आणि आपण आज वापरतो ते कितीतरी शब्द दिले. नवी परिभाषा घडविताना संस्कृतकडे अवश्य जावे, पण गवंड्याकडेही जावे. ओळंबा, गुण्या, पाणसळ, थर, चिरा, सांधा हे शब्द त्याच्या हातात रुळले आहेत.

येथे मुलींची संख्या चांगली दिसते. ‘साइटवर मुलगी कशी उभी राहील?’ हा प्रश्न त्यांच्या घरी विचारला गेलाच असेल. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९५३ साली शकुंतला भगत स्थापत्याच्या पदवीधर झाल्या. पुलांचे विख्यात अभियंते स. बा. जोशी यांच्या त्या कन्या. पुढे पतीसह त्यांनी क्वाड्रिकॉन नावाची, ठरावीक सुटे भाग जोडून पूल उभा करण्याची पद्धत काढली, आणि हिमालयात, जेथे अवजड सामान नेणे दुरापास्त, तेथे त्या पद्धतीचे पूल झाले. त्या सत्तर वर्षांपूर्वी उभ्या राहिल्या, एवढेच उत्तर घरी द्यावे.

आपल्यापैकी निम्म्याहून अधिक जण दुसऱ्या वर्षापासून स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत डोके घालून बसतात, हे मला ठाऊक आहे. शासकीय सेवेविषयी मला आकस नाही. खात्यात चांगली माणसे गेलीच पाहिजेत. माझा आक्षेप एवढाच की ज्या सहीसाठी ही धडपड आहे, ती सही कशावर करावयाची, ते शिकण्याची वर्षे या धडपडीत निघून जातात. आपण बसलो आहोत तो महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून केंद्र शासनाने अधिसूचित केला. उतारावर काय बांधावे, झाड कोठे तोडू नये, याचे नियम आहेत. तरीही येथील डोंगरउतारांवर काय काय उभे राहिले, ते खिडकीतून दिसते. त्यातील प्रत्येक इमारतीच्या नकाशावर कोणातरी पदवीधराची सही असणार. त्याने चारही वर्षांत प्रथम श्रेणी मिळविली असणार.

पालकांना एकच विचारतो. मुलगा सुट्टीत घरी आल्यावर आपण ‘किती टक्के पडले?’ असे विचारता. त्याऐवजी ‘या सत्रात प्रत्यक्ष काय मोजलेस?’ असे एकदा विचारून पाहावे.

उद्या पहाटे साडेपाचला गाड्या लिंबला निघतील. साताऱ्याजवळच्या त्या गावी बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली. अष्टकोनी, वरून पाहिली तर शिवलिंगाच्या आकाराची, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद, आत उतरण्यास जिना आणि मोटांच्या धक्क्याखाली छोटासा महाल. सव्वातीनशे वर्षांकडे निघालेली ही विहीर तीन दशकांपूर्वीच्या कितीतरी स्लॅबपेक्षा धडधाकट आहे. मी सांगितलेले हे आकडे सर्वत्र छापलेले आहेत, म्हणून ते खरे मानू नका. पाच-पाच जणांचे गट केले आहेत. प्रत्येक गटाने स्वतः मोजावे, दुसऱ्या गटाचे आकडे पाहू नयेत, आणि दोन गटांची मापे जुळली नाहीत तर खाडाखोड न करता दोन्ही मापे तशीच लिहावीत. चिऱ्यांचे सांधे, पाण्याची पातळी, कमानीचा उठाव, सारे वहीत यावे. विहिरीवर स्थानिक मंडळींचा वावर असतो, त्यांच्याशी नीट बोलावे, पादत्राणे कोठे काढावयाची ते त्यांना विचारावे. टेप आणि ओळंबे संयोजकांकडे आहेत, वही आणि पेन्सिल आपली आपण आणावी.